गारपीट आणि दाट धुके : कळंब परिसरात सफर करताना काय माहीत असावे?

हिवाळ्यात एखाद्या दिवशी मोबाईलवर फोटो फिरू लागतात. शेत पांढरे, रस्ता पांढरा आणि खाली लिहिलेले, ‘विदर्भात बर्फवृष्टी’. दुसऱ्या दिवशी वर्गात मुले हमखास विचारतात, “सर, आपल्याकडे पण काश्मीरसारखा बर्फ पडतो का?”

नाही पडत. काश्मीरमध्ये ढगापासून जमिनीपर्यंत हवा गोठणबिंदूच्या आसपास असते, म्हणून हिम भुरभुरत खाली येते. कळंबला कडाक्याच्या थंडीतही पारा शून्याच्या बराच वर असतो. फोटोत दिसतो तो गारांचा थर. पण म्हणून धोका कमी होत नाही. आपल्याकडचे हिवाळी वादळ दोन टप्प्यांत त्रास देते : दुपारी-संध्याकाळी वीज आणि गारा, आणि आभाळ मोकळे झाले की पुढच्या पहाटे धुके. पहिल्या टप्प्याला लोक घाबरतात. दुसऱ्याला मात्र “थोडं धुकं आहे, निघू हळूहळू” म्हणून निघतात.

गारा कशा तयार होतात?

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात उत्तर भारतावरून सरकतात. त्याच वेळी बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आले, तर उत्तरेची कोरडी थंड हवा आणि ही ओलसर हवा मध्य भारतावर भेटतात. त्यातून गडगडाटी ढग उभे राहतात. ढगातला वर जाणारा वारा पाण्याचे थेंब गोठणाऱ्या उंचीवर नेतो. थरावर थर चढून गार जड झाली की वाऱ्याला पेलवत नाही आणि ती खाली पडते. मोठी गार कापून पाहिली तर आत कांद्यासारखे थर दिसतात.

२०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. गहू, हरभरा, फळबागा झोपल्या, जनावरे दगावली. ३० एप्रिल १८८८ रोजी उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे गारपिटीने २४६ माणसे गेली. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीत गारपिटीने सर्वाधिक मृत्यू झाल्याची हीच घटना आहे.

इशारा कसा वाचावा?

नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र जिल्ह्यानुसार अंदाज देते. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. हा इशारा पूर्ण यवतमाळ जिल्ह्यासाठी असतो. गारांचा पट्टा मात्र काही गावांपुरताच असू शकतो. म्हणून “काल येलो अलर्ट होता, काहीच झालं नाही” असे म्हणून आजचा इशारा सोडून देऊ नये. आपल्या जवळपास वीज पडते आहे का, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेल्या ‘दामिनी’ ॲपवर कळते.

रस्त्यात गारा लागल्या तर

एकदा यवतमाळहून मोटरसायकलने परतताना आम्हाला गारांनी गाठले. आम्ही बाभळीच्या झाडाखाली उभे राहिलो. बाकीचेही तिथेच उभे होते. नंतर मुलांना विजेचा धडा शिकवताना लक्षात आले, की आपणच सगळ्यात चुकीच्या जागी थांबलो होतो. अल्लाहने वाचवले.

• वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. ३ सेकंद म्हणजे साधारण १ किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर लगेच पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका.
• धातूच्या टपाची बंद गाडी विजेपासून बरीच सुरक्षित असते. दुचाकी, उघडा ट्रॅक्टर आणि एकटे झाड नाही.
• रस्त्यावर पडलेल्या गारा चाकाखाली कंच्यांसारख्या घरंगळतात. दुचाकी थांबवा. हेल्मेट काढू नका.
• गारांनी झालेले गाडीचे नुकसान थर्ड पार्टी विम्यात मिळत नाही, त्यासाठी पूर्ण विमा लागतो.

दुसऱ्या दिवशीचे धुके

पावसाने जमीन ओली, रात्री आभाळ निरभ्र, वारा बंद. एवढे जमले की पहाटे धुके उतरते. ओलिताच्या शेतांजवळ आणि नाल्यांच्या खोलगट भागात ते जास्त दाट असते. हवामान खात्याच्या मोजणीत दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की दाट धुके आणि ५० मीटरच्या खाली गेली की अतिदाट धुके.

आता साधे गणित करू. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचे दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात. एकूण झाले ६८. दिसते फक्त ५० मीटर. म्हणजे उभा ट्रक दिसेपर्यंत वेळ संपलेली असते. वेग ४० केला तर तीच गाडी २६ मीटरच्या आसपास थांबते. रस्ता ओला असेल तर त्यात वाढ धरा.

यवतमाळ–कळंब–वर्धा या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर या दिवसांत कापसाने भरलेल्या गाड्या असतात. काही ट्रॅक्टर-ट्रॉलींना मागचा लाल दिवाच नसतो. आपली ट्रॉली असेल तर रिफ्लेक्टर पट्टी आजच लावा. धुक्यात हेडलाइट लो बीमवर ठेवा. हाय बीमचा उजेड धुक्यावरून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, कारण वळायचे कळत नाही. थांबायचे असेल तर रस्त्याच्या कडेला नाही, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात थांबा.

निघण्याची वेळ बदला

निकाहनंतर रात्रीच परतायचे, हा आपल्याकडचा हट्ट असतो. इशारा असेल तर पाहुण्यांना मुक्कामाला ठेवा. ऊन चढले की धुके विरते, तेव्हा निघू द्या. फज्रला अंधारात गाडी काढणाऱ्या बुजुर्गांनाही सांगावेसे वाटते, की थंडी-पावसाच्या रात्री घरीच नमाज अदा करण्याची सवलत हदीसमध्ये आली आहे.

अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असू द्या.

आणि एक विनंती. धुक्याच्या सकाळी शाळेच्या ऑटोवाल्या भाईंना “लवकर चला, प्रार्थना चुकेल” म्हणू नका. त्या दिवशी मूल अर्धा तास उशिरा आले तरी आम्ही शिक्षक हजेरी लावतो.