हौद, दोन नळ आणि एक निळी गोळी

मंडळी, या वेळचा विषय वाचून आमच्या काही भाच्या-पुतण्यांना अवघडल्यासारखं होईल. त्यांनी खुशाल हा लेख सोडून द्यावा. पन्नाशी ओलांडलेल्या जावयांनी मात्र वाचावा. हिला आधी वाचून दाखवलाय. "लिहा, पण नावं नकोत," एवढीच तिची अट.

चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका जुन्या मित्राच्या छातीत रात्री दुखू लागलं. हृदयाचा त्रास जुनाच, त्यामुळे शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी कायम असायची. वहिनींनी सवयीने एक गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. थोड्याच वेळात तो घामाने डबडबला, डोळ्यांपुढे अंधारी आली, रक्तदाब पार खाली गेला. दवाखान्यात पाय उंच करून सलाईन लावलं. डॉक्टर विचारत होते, दुसरं काही औषध घेतलं होतं का? वहिनी बीपीची, शुगरची यादी घडाघडा सांगत होत्या. मित्र ऐकत होता आणि गप्प होता. शेवटी डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं. संध्याकाळी त्याने 'ती' गोळी घेतली होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तालुक्याच्या गावी जाऊन, चिठ्ठीशिवाय आणलेली.

वाचला. मला हे त्याने तीन महिन्यांनी सांगितलं, आणि लिहायची परवानगीही त्याचीच.

मी जन्मभर इतिहास शिकवला. गोळीवर गोळी घेतली तर एवढं का व्हावं, हे शोधायला बसलो आणि थेट १८४७ सालापर्यंत मागे जाऊन पोचलो. त्या वर्षी इटलीत तुरीन इथे अस्कानिओ सोब्रेरो नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोग्लिसरीन तयार केलं. भयंकर स्फोटक पदार्थ. पण जिभेला किंचित लावून पाहिला तर डोकं ठणकतं, हेही त्याने नोंदवून ठेवलं. पुढे आल्फ्रेड नोबेलने १८६७ मध्ये त्याचाच डायनामाइट केला. त्या कारखान्यांतल्या कामगारांचीही डोकी दुखत. रक्तवाहिन्या सैल होऊन पसरत होत्या, त्याची ती डोकेदुखी. १८७९ मध्ये विल्यम मरेल या इंग्रज डॉक्टराने हाच पदार्थ अगदी थोड्या प्रमाणात छातीतल्या कळेवर वापरून दाखवला. आपल्या सॉर्बिट्रेटचं कूळ हेच, नायट्रेटचं.

गंमत पुढेच आहे. १८९६ मध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, नोबेलला स्वतःलाच डॉक्टरांनी हृदयासाठी नायट्रोग्लिसरीन लिहून दिलं. लोकांनी आणि औषधवाल्यांनी घाबरू नये म्हणून त्याला वेगळंच नाव दिलंय, असं त्याने पत्रात थट्टेने लिहिलं. म्हणजे औषधाचं खरं नाव लपवायची खोड तेव्हापासूनची!

हे औषध नेमकं करतं काय, ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं लागली. फेरिड मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवलं की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करतो. रॉबर्ट फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांच्याबरोबर त्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. डायनामाइटवाल्याच्या पैशातून डायनामाइटच्या वायूला बक्षीस!

आणि वर्षही कोणतं, तर १९९८. त्याच वर्षी २७ मार्चला अमेरिकेने ती निळी गोळी मंजूर केली. ती जन्मली इंग्लंडमध्ये, केंट परगण्यातल्या सँडविच गावी, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत. औषधाचं नाव सिल्डेनाफिल. मुळात शोधत होते छातीतल्या कळेवरचं औषध! त्या कामात ते यथातथाच निघालं. पण वेल्समधल्या मर्थिर टिडफिल या खाणकामगारांच्या गावात चाचण्या झाल्या, तेव्हा स्वयंसेवक दुष्परिणाम म्हणून भलतंच काही सांगू लागले. कुणीतरी संकोच सोडून बोललं, म्हणून तो शोध लागला. आमच्या शिक्षकखोलीत मात्र त्या वर्षी या बातमीवर नुसते विनोद झाले. हसणाऱ्यांत मीही होतो.

आता मुख्य मुद्दा. विज्ञान माझा विषय नव्हे, पण बदली तासाला गणित पुष्कळ घेतलंय. हौदाला एक नळ भरणारा, एक रिकामा करणारा, ते उदाहरण आठवतंय ना? शरीरात नायट्रिक ऑक्साइडमुळे एक रसायन तयार होतं. ते रक्तवाहिन्या सैल करतं, मग इंद्रियात रक्त भरतं. ते रसायन मोडून टाकणारं दुसरं द्रव्यही असतंच. सिल्डेनाफिल या मोडणाऱ्याला अडवतं, म्हणजे रिकामा करणारा नळ बंद करतं. सॉर्बिट्रेट भरणारा नळ सोडतं, आणि तोही सगळ्या अंगभर. दोन्ही एकदम केलं की हौद फुटून वाहणारच. रक्तवाहिन्या सैलच होत जातात आणि रक्तदाब कोसळतो.

हा धोका कंपनीला आधीपासून ठाऊक होता, सूचनेतही होता. तरी नोव्हेंबर १९९८ पर्यंत अमेरिकेत साठ लाखांवर चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि १३० मृत्यूंची नोंद सरकारकडे झाली. सगळे गोळीमुळेच झाले असं नव्हे, बऱ्याच जणांची हृदयं आधीच दुखणाईत होती. पण त्यांतल्या १६ जणांच्या पोटात नायट्रेटही गेलं होतं. त्यानंतर वेष्टनावरचा इशारा अधिक ठळक केला गेला.

म्हणून जावईबापूंनो, नायट्रेट चालू असेल तर ही गोळी नाही म्हणजे नाही. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास आणि टॅडालाफिल घेतल्यावर निदान अठ्ठेचाळीस तास नायट्रेट चालत नाही. त्या अवधीत छातीत दुखलं तर घरची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची नाही. तडक दवाखाना गाठायचा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते आपणहून सांगायचं. एसटी स्टँडाच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्तरोग' छाप पुड्यांचाही भरवसा नको. जडीबुटीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अशा मालात चोरून सिल्डेनाफिल मिसळलेलं कितीदा तरी सापडलंय.

आता माझं. अडुसष्टाव्या वर्षी मलाही डॉक्टरांकडे जावं लागलं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून या विषयांवर मराठीत लख्ख लिहिलं, हे वर्गात सांगताना माझी जीभ अडखळली नव्हती. डॉक्टरांपुढे बसल्यावर मात्र पहिलं वाक्य निघालं ते "पाय दुखतात" असं. त्यांनी पाय तपासले, मग शांतपणे विचारलं, "आणखी काही?" तेव्हा बोललो.

त्यांनी लगेच गोळी दिली नाही. साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, हृदयाचा आलेख काढला. ही तक्रार कधीकधी हृदयाच्या दुखण्याची आगाऊ वर्दी असते म्हणे, कारण तिथल्या रक्तवाहिन्या बारीक, त्या आधी अडतात. प्रोस्टेटसाठी मी रात्री एक गोळी घेतो, तिच्याबरोबरही रक्तदाब उतरू शकतो, म्हणून नेहमीच्या पन्नासऐवजी पंचवीस मिलिग्रॅमपासून सुरुवात. दिवसातून एकदाच, तुपकट जेवणावर नाही, कारण मग उशिरा लागू पडते आणि माणूस घाईने दुसरी घेतो. चार तास ताठरता उतरली नाही किंवा एकाएकी दिसेनासं झालं, तर लाजत बसायचं नाही, निघायचं.

सगळं मिळून पंधरा मिनिटांचं बोलणं. त्यासाठी मी दोन वर्षं घालवली होती.

मित्राला डॉक्टरांनी ती गोळी कायमची बंद केली. सॉर्बिट्रेटची पट्टी खिशात आहेच. आता तिच्याबरोबर घडी घातलेला एक कागदही असतो, त्याच्या सगळ्या औषधांचा. परवा कट्ट्यावर त्याने तो मला दाखवला. अक्षर वहिनींचं आहे. खाली, लाल शाईने, त्या निळ्या गोळीचं नाव स्वच्छ लिहून त्यावर फुली मारली आहे.