बदली सरकारी वकिलाची तरतूद

सरकारी वकील हजर नसेल, तर फौजदारी खटला कोणी चालवायचा, याचे उत्तर 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम 492ने दिले होते. सरकारी वकील गैरहजर असल्यास किंवा नेमलेलाच नसल्यास जिल्हा दंडाधिकारी त्या खटल्यापुरता दुसरा माणूस नेमू शके. त्याच्या नियंत्रणाखाली उपविभागीय दंडाधिकाऱ्यालाही हा अधिकार होता. नेमलेला माणूस वकीलच असावा अशी अट नव्हती. ठरावीक दर्जाचा पोलीस अधिकारीही चाले. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत तर बहुतेक काम पोलीस प्रॉसिक्युटरच पाहत. आरोपीला पकडणाऱ्या खात्यानेच न्यायालयात त्याच्याविरुद्ध उभे राहावे, हा या व्यवस्थेतला खरा दोष होता.

1 एप्रिल 1974 रोजी नवी संहिता लागू झाली. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांसाठी सहायक सरकारी वकील नेमणे कलम 25ने बंधनकारक केले. तो उपलब्ध नसेल, तर जिल्हा दंडाधिकारी विशिष्ट खटल्यासाठी इतर व्यक्ती नेमू शके. मात्र तपासात भाग घेतलेला किंवा निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा पोलीस अधिकारी वर्ज्य ठरला. तरीही महाराष्ट्रात अभियोक्ते पोलीस खात्याच्याच अखत्यारीत राहिले. त्यांचा स्वतंत्र संवर्ग उभारण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये राज्य सरकारला दिला. हा निकाल फार आधी यायला हवा होता.

1 जुलै 2024पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 19मध्ये बदली वकील नेमण्याची ही तरतूद कायम आहे. आता अशा नेमणुकीपूर्वी जिल्हा दंडाधिकाऱ्याला राज्य सरकारकडे 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते.