नजीर ज़ालचा की ज़ोयचा?

मी उर्दू आणि मराठी असे दोन्ही विषय शिकवतो, त्यामुळे टॅबलेटकडून माझी अपेक्षा साधी आहे. स्क्रीनच्या उजव्या अर्ध्या भागात उर्दू असावी, डाव्या भागात मराठी, आणि एका बाजूला मुलाचे नाव लिहिले की दुसऱ्या बाजूला ते आपोआप उमटावे. यातले अर्धे काम झाले आहे. 2010 साली आयपॅड आला तेव्हा त्याच्या स्क्रीनवर एका वेळी एकच अॅप दिसे. 2015 मध्ये त्यात दोन अॅप शेजारीशेजारी चालू लागली आणि पुढच्या वर्षी अँड्रॉइडनेही ती सोय दिली. अडले आहे ते ‘आपोआप’ या शब्दापाशी.

आमच्या भागात ही गरज टॅबलेटपेक्षा फार जुनी आहे. ग. ह. खरे यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’चे खंड काढले. निजामशाही-आदिलशाही काळातले अनेक कागद दुभाषी होते. फार्सी मजकूर उजवीकडून डावीकडे आणि त्याच कागदावर मोडीतली मराठी डावीकडून उजवीकडे. देशमुख-पाटलाला फार्सी येत नसे आणि दरबाराला मराठीशिवाय महसूल वसूल करता येत नसे, म्हणून दोन्ही लिप्या एका पानावर नांदल्या. त्या काळचे ‘आपोआप’ म्हणजे एक माणूस होता, फारसनवीस. पुण्यात आजही भेटणारे पारसनीस हे आडनाव त्याच हुद्द्यावरून आले.

छापखाने आले आणि पान दुभंगले. मराठीसाठी शिशाचे खिळे जुळवले जाऊ लागले. नस्तालिक मात्र तिरकी उतरत जाते आणि शेजार बदलला की अक्षर रूप बदलते, त्यामुळे ती खिळ्यांत नीट बसेना. उर्दू कातिबाच्या कलमावर आणि शिळाप्रेसवरच राहिली. 1981 मध्ये लाहोरच्या ‘जंग’ने नूरी नस्तालिक वापरली तेव्हा कुठे यंत्राला हे वळण जमले. त्यासाठी मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने लिहून दिली होती.

संगणकावर हे पान पुन्हा जोडण्याची संधी पुण्यातच आली. 1988 साली इथे सी-डॅक सुरू झाली. लोकांना ती ‘परम’ महासंगणकामुळे माहीत आहे. 1991 च्या परम 8000 मध्ये अनेक प्रोसेसर एकच काम वाटून घेत. पण आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने मोठे काम त्याच संस्थेतल्या ‘जिस्ट’चे. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे तंत्र पुण्यात वाढले. त्यामागची कल्पना सुंदर होती. अक्षर आकारावरून नाही, वर्णावरून साठवायचे. देवनागरीतला, गुजरातीतला आणि कन्नडमधला ‘क’ यांना एकच संकेत, त्यामुळे मराठीत भरलेली नावांची यादी कळ दाबताच गुजराती किंवा कन्नड लिपीत दिसे. 1991 मध्ये ‘इस्की’ या नावाने ते भारतीय मानक झाले.

उर्दू त्या पंगतीत नव्हती. उर्दू, सिंधी, काश्मिरीसाठी ‘पास्की’ नावाचा वेगळा संकेत तयार झाला. यात कुणाचा आकस शोधू नये. ब्राह्मीतून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला एक आहे, उर्दूची हिशेबपद्धतच निराळी. तरी परिणाम व्हायचा तो झालाच. मराठी आणि कन्नड यांच्यात जे दार उघडले, ते मराठी आणि उर्दू यांच्यात उघडले नाही. पुढे यूनिकोडने दोन्ही लिप्यांना एका फाइलीत आणले, पण शेजारी बसवले म्हणजे ओळख करून दिली असे होत नाही.

अडचण कुठे येते ते बघा. नजीर अकबराबादींचा नजीर ‘ज़ोय’ने लिहितात, अर्थ तोलाचा, जोडीचा. डिप्टी नजीर अहमद यांचा नजीर ‘ज़ाल’ने, अर्थ सावध करणारा. मराठीत दोघेही ‘नजीर’. नुक्ता दिला तरी ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय ही चार अक्षरे एकाच ‘ज़’मध्ये मिसळतात. उलट्या दिशेने गेलात तर उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीतच नाहीत आणि आपला ‘ळ’ तर तिथे नाहीच. अशा ठिकाणी यंत्राने बेधडक अंदाज केला की मुलाचे नाव बदलते. मग ते शाळेच्या जनरल रजिस्टरमधून दाखल्यावर आणि दाखल्यावरून पुढच्या प्रत्येक कागदावर जाते. ज्यांनी नावदुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्रे केली आहेत, त्यांना मी काय वेगळे सांगणार!

म्हणून मला हवे ते ऑटोमेशन हुशार नसले तरी चालेल. त्याने अंदाज करू नये, एकदा विचारावे आणि लक्षात ठेवावे. उर्दू, देवनागरी आणि रोमन ही नावाची तिन्ही रूपे एकमेकांना बांधलेली असावीत. हजेरी एका लिपीत घेतली की गुणपत्रक दुसरीत तयार व्हावे. एकाच ओळीत दोन्ही लिप्या आल्या तर कर्सरने उड्या मारू नयेत, कंस उलटे होऊ नयेत. आणि उर्दू नस्तालिकातच दिसावी, कारण मुलांच्या पाठ्यपुस्तकात तीच असते. कित्येक अॅपमध्ये ती नस्खमध्ये दिसते आणि लहान मुले त्यावर अडखळतात.

तोवर फारसनवीस मीच आहे. वर्गाचा तीन रकान्यांचा तक्ता हाताने भरतो. जूनमध्ये पालक प्रवेशाला आले की उर्दूचा रकाना त्यांच्यासमोरच पूर्ण करतो. ज़ाल की ज़ोय, हे बहुधा आजोबांना फोन लावूनच कळते.