तेरा डॉलरांचा शिपाई आणि पंचवीस डॉलरांचे पिस्तूल



रेमिंग्टन हे नाव आपल्यापैकी कोणालाच नवे नाही. एके काळी आपल्या शहरांतून पेठोपेठी टंकलेखनाचे वर्ग चालत आणि नोकरीच्या आशेने शेकडो मुलेमुली तेथे बोटे झिजवीत. देवनागरी अक्षरपट्टीच्या एका मांडणीला आपण अजूनही 'रेमिंग्टन' असेच म्हणतो. पण ज्या कारखान्याने १८७३ साली टंकलेखन यंत्र करावयाचे पत्करले, त्याचा मूळ धंदा बंदुका करण्याचा होता. न्यूयॉर्क राज्यातील इलियन गावी, ईरी कालव्याच्या काठी तो उभा होता. आज मी आपणांस त्याच्या एका पिस्तुलाची हकीकत सांगणार आहे.

वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी पिस्तुलाचे पुराण कशाला, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिकच आहे. परंतु ही हकीकत शौर्याची नव्हे, खरेदीची आहे. गरज मोठी आणि थैली लहान असता काय घ्यावे व किती मोलाने घ्यावे, हा प्रश्न प्रत्येक गृहिणीपुढे असतो, नगरपालिकेपुढे असतो आणि राष्ट्रापुढेही असतो. राष्ट्राची खरेदी चुकली तर तिची किंमत मात्र भलताच कोणी मोजतो.

प्रथम त्या वस्तूकडे पाहू. रिव्हॉल्व्हर म्हणजे फिरत्या चक्राचे पिस्तूल. चक्रात पाच-सहा घरे असतात. घोडा चढविला की चक्र एक घर सरकते आणि नवी गोळी नळीसमोर येते. कनेक्टिकट राज्यातील सॅम्युएल कोल्ट याने १८३६ साली अमेरिकेत या युक्तीचा एकाधिकार मिळविला. त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. पुढे मेक्सिकोशी युद्ध जुंपले तेव्हा सॅम्युएल वॉकर या कप्तानाच्या आग्रहावरून सरकारने एक हजार पिस्तुले मागविली आणि कोल्टचे दैव फिरले. १८४७ चे ते पिस्तूल .४४ तोंडाचे, म्हणजे सुमारे अकरा मिलिमीटर व्यासाचे होते, आणि वजन दोन किलोंच्या घरात! कमरेला ते पेलेना, म्हणून खोगिराला अडकवीत.

एवढे मोठे तोंड कशासाठी? आरमाराला .३६ तोंड पुरे वाटे. पण घोडेस्वाराचा सामना घोडेस्वाराशी असतो. अंगावर चालून येणारा घोडाही थोपविता आला पाहिजे, अशी सेनेतील जाणत्यांची धारणा होती. त्यामुळे सेनेचे तोंड .४४ आणि आरमाराचे .३६ असा रिवाज पडला. तोंड वाढले की गोळीचे शिसे वाढते, दारू वाढते, वजन वाढते. १८६० साली कोल्टने यावर तोड काढली. चांगल्या पोलादाच्या बळावर त्याने .४४ तोंडाचे, पण सव्वा किलो वजनाचे पिस्तूल केले. मागणीच तशी होती आणि माल खरोखर उत्तम होता.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी पेटली. त्या दिवशी उत्तरेच्या सरकारपाशी खडी फौज होती सुमारे सोळा हजारांची. आणि लिंकनने पहिल्याच हाकेला पंचाहत्तर हजार माणसे मागितली! माणसे आली, हत्यारे कोठून आणावयाची? दलाल, मक्तेदार, मध्यस्थ यांची वॉशिंग्टनमध्ये झुंबड उडाली. एकाच मालासाठी राज्य सरकारे आणि मध्यवर्ती सरकार एकमेकांवर भाव चढवू लागली. कोल्टच्या पिस्तुलाला सरकार मोजीत होते नगास पंचवीस डॉलर. साध्या शिपायाचा पगार होता महिन्याला तेरा डॉलर. म्हणजे स्वाराच्या कमरेचे पिस्तूल जवळजवळ त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या मोलाचे होते.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कोल्टचा एकाधिकार १८५७ मध्येच संपला होता. चक्राची युक्ती आता कोणालाही मोकळी होती आणि तिचा फायदा घेणाऱ्यांत रेमिंग्टन पुढे होते. फोर्डाइस बील्स या कारागिराच्या १८५८ च्या एकाधिकारावर त्यांचे .४४ चे पिस्तूल बेतलेले होते. दोहोंतला फरक साध्या भाषेत सांगता येईल. कोल्टचा सांगाडा वरून उघडा. नळी एका आसावर बसवून पाचरीने घट्ट केलेली. रेमिंग्टनचा सांगाडा चौफेर बंद. चक्रावरूनही लोखंडाची पट्टी गेलेली, जणू दाराच्या चौकटीचा उंबरा आणि गणेशपट्टी दोन्ही शाबूत. त्यामुळे बांधा भक्कम, आणि नेम धरावयाची खाच त्या पट्टीतच कोरलेली. कोल्टची खाच हलत्या घोड्याच्या माथ्यावर होती.

तरी पारडे एकीकडेच झुकत होते असे नाही. त्या काळच्या दारूचा धूर आणि काजळी फार. कोल्टचा आस जाड, त्यावर वंगण धरणाऱ्या खाचा. त्याचे चक्र काजळीत पुष्कळ वेळ फिरे. रेमिंग्टनचा आस बारीक. तो लवकर अडखळे. वजनही थोडे अधिक. पण त्याचे चक्र काढणे-घालणे सोपे होते. सारांश, दोन्ही हत्यारे कामाची होती. एक नावाजलेले, दुसरे कमी नावाचे. आणि भावात मात्र जमीनअस्मानाचे अंतर.

हे अंतर उघड्यावर आणण्याचे काम दोघा गृहस्थांनी केले. १८६२ च्या जानेवारीत युद्धमंत्री बदलला आणि एडविन स्टँटन हा करडा वकील त्या जागी आला. मार्चमध्ये त्याने हत्यारांचे मक्ते तपासण्यासाठी जोसेफ होल्ट व रॉबर्ट डेल ओवेन यांना नेमले. हा ओवेन म्हणजे सहकाराचा आद्य पुरस्कर्ता म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या न्यू लॅनार्कच्या रॉबर्ट ओवेनचा मुलगा. त्याच वर्षी गुलामांच्या मुक्तीसाठी लिंकनला पत्र लिहिणाराही हाच. सहकाराच्या घरात वाढलेला माणूस मक्तेदारांच्या वह्या तपासावयास बसला, हा इतिहासातील एक मौजेचा योग म्हणावा लागेल.

दोघांनी शंभराहून अधिक मक्ते तपासले. भाव खरा किती, मुदत पाळली काय, मधला दलाल कशाचे पैसे घेतो, असे साधे प्रश्न विचारले. सुमारे पाच कोटी डॉलरांच्या व्यवहारातून जवळजवळ एक कोटी सत्तर लाख त्यांनी वाचविले. कोल्टचे पिस्तूल पंचवीसवरून साडेचौदा डॉलरांवर आले. त्याच वर्षी रेमिंग्टनने बारा डॉलरांना पिस्तुले देण्याचा मोठा मक्ता घेतला. स्टार नावाच्या तिसऱ्या कारखान्याचे पिस्तूल चाप ओढताच आपोआप घोडा चढविणारे, म्हणून महाग होते. त्याने ती करामत काढून टाकली, साधे पिस्तूल केले आणि तेही बारा डॉलरांना दिले. गरज नसलेली चैन वजा केली की भाव कसा उतरतो, याचे हे उदाहरण.

पण भाव पाडला म्हणून तपासणी ढिली केली नाही, हे फार महत्त्वाचे आहे. सरकारी तपासनीस कारखान्यात बसत, भागांची मापे पडताळीत आणि पसंत मालाच्या लाकडी मुठीवर आपल्या आद्याक्षरांचा शिक्का मारीत. स्वस्त आणि निकृष्ट हे दोन शब्द आपण एका दमात उच्चारतो. त्यांची गाठ सोडवावयाची असेल तर असा जागरूक तपासनीस लागतो.

१८६३ संपता संपता कोल्टकडून होणारी सरकारी खरेदी आटली होती. आणि १८६४ च्या फेब्रुवारीत त्याच्या हार्टफर्डच्या कारखान्याला प्रचंड आग लागली. स्वतः कोल्ट दोन वर्षांपूर्वीच वारला होता. पुढचा भार प्रामुख्याने रेमिंग्टनने उचलला. युद्धाअखेर दोघांचीही .४४ ची पिस्तुले प्रत्येकी सव्वा लाखाच्या आसपास सरकारने घेतली होती. स्टारची जवळजवळ ४८ हजार. सरकार एकाच दुकानावर अवलंबून राहिले असते तर त्या आगीत केवळ कारखाना जळाला नसता.

१८६५ मध्ये युद्ध थांबले. अमेरिकेचा कापूस अडला म्हणून ज्या मुंबईत चार वर्षे सोन्याचा पाऊस पडला होता, तेथे त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि कित्येक पेढ्या बुडाल्या. आणि तिकडे घरी निघालेल्या शिपायांना सरकारने मुभा दिली: आपले हत्यार पगारातून पैसे कापून घरी न्यावे. तलवारीला तीन डॉलर, बंदुकीला सहा, रिव्हॉल्व्हरला आठ. तोवर पगार सोळा डॉलर झाला होता. म्हणजे १८६१ मध्ये ज्या जातीच्या पिस्तुलाला जवळजवळ दोन महिन्यांचा पगार लागत होता, ते आता अर्ध्या महिन्याच्या पगारात येत होते. कोल्ट असो की रेमिंग्टन, भाव एकच, आठ डॉलर! चार वर्षे वापरून पाहिल्यावर नावाची किंमत गळून पडली होती.

गोष्टीचा शेवट आणखी बोलका आहे. १८७३ मध्ये सेनेने नवे .४५ तोंडाचे, धातूच्या काडतुसाचे पिस्तूल निवडले. ते कोल्टचेच होते. पण त्याचा सांगाडा आता उघडा नव्हता; चक्रावरून पट्टी गेलेला, चौफेर बंद होता. पहिल्या आठ हजार नगांचा भाव ठरला तेरा डॉलर. प्रतिस्पर्ध्याचा गुण आणि प्रतिस्पर्ध्याजवळचा भाव, दोन्ही कोल्टच्या कारखान्याने पत्करले. रेमिंग्टनचा कारखाना मात्र १८८६ मध्ये कर्जात बुडाला आणि पुढे दुसऱ्यांच्या हाती गेला. स्वस्त विकणाऱ्याचे नेहमी भलेच होते, असे इतिहास सांगत नाही.

मग तो काय सांगतो? वस्तूचे नाव बाजूला ठेवून तिचे काम पाहावे. भाव विचारण्याची लाज बाळगू नये. आणि स्वस्त घेताना डोळे दुप्पट उघडे ठेवावेत. संकटकाळी हिशेब विचारणे म्हणजे देशद्रोह, असे मक्तेदार नेहमीच सांगतो. होल्ट आणि ओवेन यांनी ऐन युद्धात हिशेब विचारला. त्याने युद्ध अडले नाही, उलट तेवढ्याच पैशात अधिक स्वारांच्या हाती हत्यार पडले. पंचवीस डॉलरांत एक की दोन, हा वहीतला आकडा असेल. पण ज्या स्वाराच्या वाट्याला ते दुसरे पिस्तूल आले, त्याला तो आकडा वाटला नसेल.