‘साउथ’ आणि दक्षिण : डमडमच्या एका नावावरून

डमडमच्या एका नगरपालिकेच्या पत्त्यात दोन दिशा समोरासमोर येतात. पालिका ‘साउथ डमडम’ची, जिल्हा मात्र ‘नॉर्थ ट्वेंटी-फोर परगणाज’. शिवाय ज्या कलकत्त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली त्याच्या फोर्ट विल्यमपासून पाहिल्यास ती पडते ईशान्येस. पालिका १८७० सालची, तिची जोडीदार ‘नॉर्थ डमडम’ही त्याच सालची, चोवीस परगण्यांची वाटणी १९८६ ची. यांतले एकही नाव चुकीचे नाही. मोजणाऱ्याने मधला खुंटा प्रत्येक वेळी निराळ्या जागी रोवला, इतकेच.

‘साउथ’ या शब्दाची व्युत्पत्ती बहुतेक अभ्यासक सूर्यवाचक शब्दाशी जोडतात. उत्तर युरोपातल्या माणसाला माध्यान्हीचा सूर्य बारा महिने त्याच अंगाला दिसे. आपला ‘दक्षिण’ आकाशातून नव्हे, देहातून आला. उगवतीकडे तोंड करून उभे राहणाऱ्याचा उजवा हात ती दक्षिण. लॅटिनमधील ‘डेक्स्टर’ हा त्याचाच भाऊबंद. अरबीतही ‘यमन’ या देशनामात उजव्या हाताचाच अर्थ आहे. म्हणजे मुळात दोन्ही शब्दांना उभा राहणारा माणूस लागतो. नकाशाने तो माणूस पुसला व दिशा कागदाच्या खालच्या कडेला कायमची टाचून ठेवली.

डमडम हे या पुसण्याला साजेसे ठिकाण आहे. हे नाव सामान्यतः ‘दमदमा’ या फारसी शब्दापासून आले असे मानतात, आणि तोफांसाठी रचलेला उंचवटा या अर्थाने तो मराठीसही परका नाही. १८५३ पर्यंत बंगाल तोफखान्याचे मुख्य ठाणे येथेच होते. तोफेचा नेम धरणाऱ्यास उजवे-डावे पुरत नाही. त्याला होकायंत्राचा अंश हवा असतो. पण येथून काही मैलांवर, हुगळीकाठी, जुना शब्द तग धरून आहे. राणी रासमणींनी १८५५ साली जेथे कालीमंदिर उभारले ते दक्षिणेश्वर शहराच्या उत्तरेस आहे. २०२१ पासून डमडमवरून जाणाऱ्या मेट्रोचे उत्तरेकडील अखेरचे स्थानकही तेच. नकाशाच्या दृष्टीने ही विसंगती. गावाला तिचे काही वाटत नाही.

मराठी वाचकास ही गोष्ट केवळ गमतीची वाटू नये, कारण हा खुंटा आपल्याही अंगणातून उपटला गेला आहे. नाणेघाटाच्या लेखात सातवाहन राजाचे बिरुद ‘दक्षिणापथपती’ असे आहे. पंचद्रविडांत महाराष्ट्राची गणना होई. काशीत जाऊन राहिलेला मराठी पंडित स्वतःस दाक्षिणात्यच म्हणवी. इंग्रजांनाही प्रारंभी हे मान्य होते. बेळगाव-धारवाडच्या मुलखास ते ‘सदर्न मराठा कंट्री’ म्हणत, आणि १९०८ साली जोडल्या गेलेल्या रेल्वेचे नाव ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ असे होते. १९५१ च्या एप्रिलात तीच रेल्वे इतर दोन रेल्वेंसह नव्या ‘सदर्न रेल्वे’त विलीन झाली. ‘सदर्न’ राहिले, ‘मराठा’ गळाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई एका अंगाने ‘सेंट्रल’ झाली व दुसऱ्या अंगाने ‘वेस्टर्न’. १९५६ च्या विभागीय परिषदांत तिला पश्चिमेत घातले.

रेल्वेच्या या नावांत कोणाचा कट पाहण्याचे कारण नाही. कारभाराला सोयीचे विभाग लागतात. परंतु सोयीचा विभाग भाषेत मुरला की तो अर्थ बनतो. आज मराठी माणूस ‘साउथचा’ म्हणतो तेव्हा त्याला कृष्णेपलीकडचा, बहुधा इडली-डोसेवाला, दुसराच कोणी अभिप्रेत असतो. आणि ‘दाक्षिणात्य’ हा शब्दही आता आपण त्याच अर्थाने, ‘साउथ’चे भाषांतर म्हणून लिहितो. ‘दख्खन’ मात्र आपण आपलाच मानतो. गंमत अशी की तोच शब्द इंग्रजीतून फिरून ‘डेक्कन’ होऊन आला, तेव्हा पुण्यात त्याला जिमखान्याच्या नावात जागा मिळाली.