पवनचक्कीच्या वाटेत झाडी आली तर वीज का घटते?

ओझर : द्राक्षबागेच्या पश्चिम बांधावर शेवरी नाहीतर सुरू का लावतात, हे ओझर-निफाड पट्ट्यात कुणाला सांगायला नको. वाऱ्याचा जोर मोडतो, कोवळी फूट फाटत नाही. पवनचक्कीसाठी मात्र हाच गुण अवगुण ठरतो.

वाऱ्याची ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. वेग १० टक्के घटला, तर ताकद सुमारे २७ टक्के जाते. दाट झाडी १० मीटर उंच असेल, तर जमीनच सहा-सात मीटर वर आली असं समजून वारा वाहतो. झाडांच्या रांगेचा परिणाम उंचीच्या २०-३० पट अंतरापर्यंत जाणवू शकतो. शिवाय झाडीवरून आलेला वारा घुसळलेला असतो. त्याचा मार पात्यांवर आणि गिअरबॉक्सवर बसतो, म्हणजे दुरुस्तीही वाढते.

म्हणून आपल्याकडच्या मोठ्या पवनचक्क्या उघड्या पठारांवर दिसतात. साताऱ्यात चाळकेवाडी आणि वनकुसवडे, शेजारच्या धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल. युरोपात जंगलातही पवनचक्क्या उभ्या आहेत, पण तिथे मनोरे जास्त उंच घेतात. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या व्हाइटली प्रकल्पात २१५ पवनचक्क्या आहेत, तिथे लागवडीची झाडं तोडून वाट मोकळी केली.

आपल्याकडे तोडीचा हिशेब इतका सोपा नाही. खेड तालुक्यात भीमाशंकर अभयारण्याजवळ पवनचक्क्यांसाठी सुमारे १९४ हेक्टर वनजमीन दिली गेली. डोंगर फोडून रस्ते काढले, माती खाली वाहून गेली. गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालात याची नोंद आहे. तिथलं जंगल म्हणजे शेकरूचं घर. वनजमीन लागली की केंद्राची परवानगी आणि पर्यायी वनीकरणही आलंच.

वनीकरण कुठे होतं, हेही महत्त्वाचं. आज गुडघ्याएवढं असलेलं नीलगिरीचं रोप १५ वर्षांत सहज १५ मीटर होतं, आणि पवनचक्की तर २०-२५ वर्षं चालवायची असते. राज्यात वाऱ्याचा खरा हंगाम जून ते सप्टेंबर, तोही पश्चिम-नैऋत्येकडून. त्या बाजूची लागवड नडते, पूर्वेकडची फारशी नाही.

जमीन भाड्याने देणाऱ्याने करारात झाडांबद्दलचं कलम आहे का, ते आधी वाचावं. बांधावर आंबा, साग किती उंच वाढू द्यायचा, तोडायला लावला तर भरपाई कोण देणार, हे सहीआधीच लिहून घ्यावं.