अनुभवालाही पुरावा द्यावा लागतो

‘उपचारांच्या मार्गदर्शिका पाश्चात्त्यांसाठी लिहिलेल्या असतात. आपला रुग्ण निराळा, परिस्थिती निराळी. इथे डॉक्टरचा दीर्घ अनुभवच प्रमाण,’ असे मत वैद्यकीय वर्तुळात वजनाने मांडले जाते. मग प्रबंध लिहिणारा विद्यार्थीही दोन-चार मार्गदर्शिकांची नावे संदर्भसूचीत टाकून मोकळा होतो. हे मत मला घातक वाटते.

आधी अनुभवाच्या प्रामाण्याचा विचार करू. डोक्याला जबर मार लागला की मेंदूची सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याची पद्धत तीस वर्षांहून अधिक काळ चालत आली होती. तर्क पटणारा होता आणि बरे झालेले रुग्णही डोळ्यांसमोर होते. २००४ मध्ये सुमारे दहा हजार रुग्णांवरील ‘क्रॅश’ चाचणीचे निष्कर्ष आले. स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले. न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन मृत्यूंचा हा फरक एकट्या डॉक्टरला दिसणे अशक्यच, कारण दगावलेला रुग्ण माराने गेला असेच कोणीही म्हणणार. डॉक्टर कितीही निष्णात असला तरी तुलनेसाठी दुसरा गट त्याच्यापुढे नसतो.

परिस्थिती निराळी असते, या आक्षेपात मात्र तथ्य आहे. अकाली प्रसूतीचा धोका असलेल्या मातेला स्टिरॉइड दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात, हे न्यूझीलंडमधील संशोधनाने १९७२ मध्ये दाखवले. पुढे हा उपाय सहा विकसनशील देशांत गावपातळीपर्यंत नेऊन तपासला गेला. त्यात नागपूर आणि बेळगावही होते. २०१५ मध्ये निष्कर्ष आले ते धक्कादायक होते. जिथे हा कार्यक्रम राबवला तिथे हजार जिवंत जन्मांमागे २७.४ नवजात बालके दगावली, इतरत्र २३.९. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अटी घातल्या: गर्भाचे वय नेमके ठाऊक हवे, मातेला जंतुसंसर्ग नको, नवजात बाळाच्या देखभालीची सोय हवी. अशी सोय असलेल्या रुग्णालयांत, भारतासह पाच देशांत झालेल्या चाचणीत २०२० मध्ये हाच उपाय बाळांना वाचवणारा ठरला. परिस्थितीचे महत्त्व इथे काटेकोर चाचणीनेच सिद्ध केले आणि शिफारस त्यानुसार बदलली.

म्हणून मार्गदर्शिका शोधणाऱ्याने संस्थेच्या नावावर थांबू नये. पुरावा पद्धतशीर शोधला आहे का? ‘ग्रेड’ पद्धतीने त्याची खात्री उच्च, मध्यम, कमी की अत्यल्प ठरवली आहे? लेखकांचे हितसंबंध उघड आहेत का? चाचण्या कुठल्या रुग्णांवर, कुठल्या सोयींत झाल्या? शेवटची सुधारणा कधीची? हीच कसोटी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या उपचार-आराखड्यांनाही लावली पाहिजे.

अनुभवाचे खरे मोल महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांच्या कामात दिसते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार त्यांनीच रुजवला होता. तरीही सोबत प्रतिविष दिल्याने अधिक लाभ होतो का, हे ठरवताना त्यांनी स्वतःच्या अधिकाराचा दाखला दिला नाही. सत्तर रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेले ९१.४ टक्के रुग्ण दहा तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिनवर २२.९ टक्के. आपल्या मातीतल्या रुग्णांसाठी मार्गदर्शिका हव्या असतील, तर अनुभवी डॉक्टरांनी याच वाटेने पुरावा उभा केला पाहिजे.